कॅनडाने दार लोटलं, ते बरोबर केलं का?

मिसिसागाकर
बाहेर उणे अठरा आहे, ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून झालाय, म्हणून हा धागा. राजकारण विभागात हलवायचा असेल तर संपादकांनी खुशाल हलवावा.

कार्नी सरकारचा नवा इमिग्रेशन आराखडा बहुतेकांनी वाचला असेल. कायमचे रहिवासी, म्हणजे पीआर, २०२६ ते २०२८ दरसाल ३,८०,०००. खरी कात्री लागली आहे ती तात्पुरत्या व्हिसांना. नव्याने येणाऱ्या तात्पुरत्या लोकांचा आकडा २०२५ साठी ६,७३,६५० धरला होता, तो २०२६ साठी ३,८५,००० वर आणला. त्यात विद्यार्थी फक्त १,५५,०००.

माझं मत विचाराल तर हे करायलाच हवं होतं आणि बरंच आधी करायला हवं होतं. २०२३ मध्ये इथली लोकसंख्या एका वर्षात ३.२ टक्क्यांनी वाढली. १९५७ नंतर असं झालं नव्हतं. जून २०२३ मध्ये देश चार कोटींचा झाला आणि वर्ष उलटायच्या आत चार कोटी दहा लाखांचा. तेवढी घरं झाली का? तेवढे डॉक्टर आले का? आमच्या मुलीच्या शाळेत मैदान कमी आणि पोर्टेबल (तात्पुरत्या केबिनमधले) वर्ग जास्त आहेत. फॅमिली डॉक्टर निवृत्त झाले, तेव्हापासून आम्ही वॉक-इन क्लिनिकच्या रांगेत.

मीही बाहेरूनच आलोय. म्हणून मी या विषयावर तोंड उघडू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी ते इथे लिहावं, वाईट वाटणार नाही. माझा प्रश्न एवढाच: किती माणसं आली म्हणजे पुरे, हे कोणी ठरवायचं आणि कशावरून?

खारी_बटर
मी पहिला! चहा टाकून येतो, तोपर्यंत भांडणं सुरू करू नका.

नंदू_नाशिकवाला
दादा, तुम्ही कुठल्या साली आलात ते लिहायचं राहिलं बहुतेक.

मिसिसागाकर
@नंदू, २०१० साली. स्किल्ड वर्कर म्हणून. शंभरात ६७ गुण लागायचे, मला ७४ होते. लपवण्यासारखं काही नाही त्यात.

नंदू_नाशिकवाला
शंभरात ६७. बरं. आता माझं ऐका.

मी २०२१ च्या सप्टेंबरात किचनरला आलो. दोन वर्षांचा डिप्लोमा, मग तीन वर्षांचं पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट. हे परमिट आयुष्यात एकदाच मिळतं, वाढवून मिळत नाही. माझं या उन्हाळ्यात संपतंय. नोकरी शिक्षणाशी संबंधित आहे, टॅक्स भरतोय, एकही दिवस बेकायदा राहिलेलो नाही. मालक चांगला माणूस, त्याने स्वतःच्या खर्चाने एलएमआयए, म्हणजे परदेशी माणूस ठेवायची सरकारी मंजुरी, काढून दिला. कागद हातात पडला फेब्रुवारी २०२५ संपताना. त्याचे ५० गुण धरून पीआरच्या रांगेतला माझा स्कोअर झाला ५३६. घरी फोन करून सांगितलं, आईने देवाला पेढे ठेवले.

मार्चमध्ये सरकारने नोकरीच्या ऑफरचे गुणच काढून टाकले. का? तर लोक एलएमआयए विकत घेत होते. घेत होतेच, मलाही एका दुकानदाराने ३० हजार डॉलर मागितले होते. मी दिले नाहीत. विकत घेणाऱ्यांचे ५० गेले आणि माझेही ५० गेले. मग तिसावं पूर्ण झालं, वयाचे आणखी पाच गेले. आता ४८१. २०२५ च्या अख्ख्या वर्षात कॅनेडियन एक्स्पिरियन्सचा, म्हणजे इथे काम केलेल्यांच्या गटाचा, कटऑफ ५१० च्या खाली आला नाही.

तुम्हाला पोर्टेबल वर्ग दिसतात. त्या वर्गांसाठी जो टॅक्स लागतो तो मी पण भरलाय. जायची वेळ आली की मी 'तात्पुरता'.

खवचट_पंत
विरारहून सुटलेल्या गाडीत नालासोपाऱ्याला लटकत चढलेला माणूस वसई येईपर्यंत आतून ओरडायला लागतो, "अरे जागा नाहीये, मागची पकडा!" धागाकर्त्यांनी हलकेच घ्यावं.

पश्चिम_रेल्वे_पीडित
विरार फास्टमध्ये नालासोपाऱ्याला चढता येतं ही अफवा आहे. बाकी चालू द्या.

मिसिसागाकर
@पंत, हलकेच घेतलं. पण गाडीची क्षमता असते हे तुम्हीच मान्य केलंत की! लटकून माणसं पडतात तेव्हा "मागची पकडा" म्हणणारा चुकीचा नसतो.

@नंदू, तुमच्याबद्दल खरंच वाईट वाटलं. तुमच्यासारख्याला आधी घ्यावं असंच माझं मत आहे. पण तुमची अडचण लोक कमी घेतल्यामुळे झाली नाही. लायकी न बघता भरमसाट लोक आत घेतले आणि त्या सगळ्यांची एकाच पीआरच्या दारावर गर्दी झाली, त्यातून झाली. कटऑफ ५१० ला गेला तो स्पर्धेमुळे. १३ फेब्रुवारी २०२१ चा ड्रॉ (पीआरसाठी बोलावण्याची फेरी) आठवतोय? कोविडमध्ये विमानं बंद होती, आकडा तर गाठायचा होता, म्हणून एका दिवसात २७,३३२ लोकांना बोलावलं आणि कटऑफ होता ७५. पंच्याहत्तर! बाराशेपैकी! हेच का धोरण?

आकडेबहाद्दर
हा धागा कधीतरी निघणारच होता. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर खाली सरका.

पीआर आणि तात्पुरते यांची सरमिसळ होतेय. पीआरचा आकडा सरकार दर वर्षी संसदेसमोर ठेवतं, त्यावर चर्चा होते, वर्तमानपत्रांत मथळे येतात. २०२२ साली सुमारे ४ लाख ३७ हजार, २०२३ साली ४ लाख ७१ हजार. वाढ आहे, पण त्याने एका वर्षात ३.२ टक्के होत नाहीत. बाकीची वाढ विद्यार्थी, वर्क परमिटवाले आणि आश्रय मागणारे यांच्यातून आली, आणि या गटांना कुठलंही वार्षिक लक्ष्य नव्हतं. तात्पुरत्यांचा आकडा आराखड्यात पहिल्यांदा आला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये. त्याच दिवशी ट्रुडोंनी २०२५ चं पीआरचं लक्ष्य पाच लाखांवरून ३,९५,००० केलं.

आता विद्यार्थी कसे वाढले? ऑन्टारिओत फोर्ड सरकारने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी १० टक्के कापली आणि तिथेच गोठवली. मतदार खूश. कॉलेजांना सरकारी अनुदानही वाढवून दिलं नाही. खड्डा भरायचा कुठून? परदेशी विद्यार्थ्याच्या फीवर बंधन नव्हतं. मग पंजाब, गुजरात, महाराष्ट्रात एजंटांना कमिशन. काही सरकारी कॉलेजांनी तर खाजगी संस्थांना आपलं नाव वापरायला देऊन स्ट्रिप मॉलमध्ये वर्ग भरवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने आठवड्याला २० तासांच्या कामाची मर्यादाही उठवली, कारण मालक लोक कामगार नाहीत म्हणून ओरडत होते. २०२३ संपताना स्टडी परमिटधारक दहा लाखांच्या वर होते.

तेव्हा "किती माणसं म्हणजे पुरे हे कोणी ठरवायचं" याचं उत्तर असं की ते ठरवत होतं कॉलेजचं अकाउंट्स खातं. केंद्र व्हिसा देत होतं, प्रांत पैसे वाचवत होते, मालकांना स्वस्त माणसं मिळत होती आणि बेसमेंट भाड्याने देणाऱ्यांची चांदी होत होती. त्यात आपली मराठी मंडळीही होती, उगाच नाकारू नका.

बेसमेंटवाली_वहिनी
शेवटच्या वाक्याचा निषेध. आमच्या बेसमेंटला स्वतंत्र दार आहे, परवाना आहे आणि आम्ही पोरांना डबाही देतो.

खारी_बटर
वहिनी, डब्यात काय असतं? भाडं नंतर विचारतो.

रेजायनाचा_रमेश
टोरांटोवाल्यांना वाटतं कॅनडा म्हणजे ४०१ हायवेच्या दोन्ही बाजू. इकडे सस्कॅचवानमध्ये या, माणसं दाखवा आणि बक्षीस घ्या. आमच्याकडे लहान गावातलं हॉस्पिटल रात्री बंद असतं कारण नर्स नाही. केंद्राने कपात केली तेव्हा पहिला घाव कोणावर? प्रॉव्हिन्शियल नॉमिनीवर, म्हणजे प्रांतांनी निवडलेल्या माणसांच्या कोट्यावर. एक लाख दहा हजारांचं लक्ष्य २०२५ साठी ५५ हजार केलं, सरळ निम्मं. आता २०२६ ला ९१,५०० केलंय, म्हणजे आपण काय केलं ते त्यांनाही कळलेलं दिसतंय. गर्दी झाली ब्रॅम्प्टनात आणि कात्री लागली रेजायनाला.

मिसिसागाकर
@रमेश, तुमच्याकडे नॉमिनीवर आलेला माणूस पीआर मिळाल्यावर किती दिवस रेजायनात थांबतो?

रेजायनाचा_रमेश
उणे चाळीसचा पहिला आठवडा येईपर्यंत. :) पण जे राहतात ते मनापासून राहतात. आमचा गणपती बघायला या.

हॅलिफॅक्सची_मनीषा
मी वृद्धाश्रमात, म्हणजे इथल्या भाषेत लाँग टर्म केअरमध्ये, काम करते. रात्रपाळीला आमच्या मजल्यावर केरळची एक, फिलिपिन्सच्या दोन, नायजेरियाची एक आणि मी. इथे जन्मलेली एकच, ती येत्या वर्षात रिटायर होतेय. ज्या आजोबांना मी रोज अंघोळ घालते ते टीव्हीवरच्या बातम्या बघून मला सांगतात, "फार लोक आलेत बाहेरून." मग म्हणतात, "तू नाही गं." मी नाही तर कोण, हे विचारायचं धाडस अजून झालं नाही. पगारी नोकरी आहे.

मूल जन्माला घालायचं प्रमाण इथे बाईमागे १.२५ आहे. म्हाताऱ्यांची संख्या वाढत जाणार. मिसिसागाकर, तुम्ही आणि मी म्हातारे होऊ तेव्हा आपली अंघोळ कोण घालणार हे त्या आराखड्यात कुठे लिहिलंय?

पण हेही सांगते की पगार वाढवला असता तर इथल्या मुली या कामाला आल्या नसत्या का? काही आल्या असत्या. बाहेरून माणूस मिळतो म्हणून पगार वाढत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे मला धड कुठल्याच बाजूला बसता येत नाही.

तिखटमीठ
मनीषाताई, +१००. "तू नाही गं" हे इतक्या वेळा ऐकलंय.

मी ब्रॅम्प्टनमध्ये. माझी मुलगी इथेच जन्मली, मराठी मोडकंतोडकं बोलते. मागच्या उन्हाळ्यात बसस्टॉपवर एका पोराने तिला "गो बॅक" म्हटलं. कुठे परत जायचं तिने, ब्रॅम्प्टन सिव्हिक हॉस्पिटलात? मिसिसागाकर, तुमचं ७४ गुणांचं सर्टिफिकेट त्या पोराला दाखवून उपयोग नाही. तो साल विचारत नाही. रंग बघतो.

मिसिसागाकर
@तिखटमीठ, मुलीबाबत जे झालं ते चीड आणणारं आहे. पण आपण दोघं एकाच गोष्टीवरून उलट निष्कर्ष काढतोय. एन्व्हायरॉनिक्स या संस्थेचे सर्व्हे बघा. "इमिग्रेशन फार होतंय" म्हणणारे २०२२ मध्ये २७ टक्के, २०२३ मध्ये ४४, २०२४ मध्ये ५८. हा देश दोन वर्षांत एकाएकी वर्णद्वेष्टा झाला का? की घरभाडं आणि व्याजदर लोकांच्या नरड्याशी आले? तो ५८ टक्क्यांचा आकडा खाली आणायचा असेल तर लोकांना दिसलं पाहिजे की सरकारच्या हातात लगाम आहे. मी कपातीच्या बाजूने आहे तो तुमच्या मुलीसाठीच.

तिखटमीठ
माझ्या मुलीसाठी नंदूला परत पाठवताय होय! छान.

व्याजदराचं म्हणाल तर मार्च २०२२ मध्ये पाव टक्का असलेला बँक ऑफ कॅनडाचा दर जुलै २०२३ मध्ये पाच टक्के झाला. तो विद्यार्थ्यांनी वाढवला का? घरं २०२१ मध्येच आकाशाला भिडली होती, तेव्हा तर सीमा बंद होत्या.

आकडेबहाद्दर
दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर. २०२१ ला घरांच्या किमती वाढल्या त्या स्वस्त कर्जाने. २०२३ ला भाडी वाढली त्यात मात्र विद्यार्थ्यांचा वाटा आहे, कारण नवा माणूस घर विकत घेत नाही, खोली भाड्याने घेतो. विद्यार्थ्यांच्या आकड्यावर कॅप, म्हणजे मर्यादा, लागल्यावर गेलं वर्षभर भाडी उतरताहेत, हेही त्याच बाजूला पुरावा. २०२५ च्या तिसऱ्या तिमाहीत देशाची लोकसंख्याच सुमारे ७६ हजारांनी घटली. पण दुसरी बाजू बघा: त्याच सप्टेंबरात तरुणांची बेरोजगारी १४.७ टक्के होती. विद्यार्थी कमी झाले की इथल्या पोरांना नोकऱ्या मिळतील असं सांगितलं होतं, निदान अजून तरी ते दिसत नाही. आणि ऑन्टारिओच्या कॉलेजांत शेकडो अभ्यासक्रम बंद पडले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. त्यात गोरे प्राध्यापक भरपूर आहेत.

गिरणगाव
मजा वाटली सगळं वाचून. "आमच्या शाळा भरल्या, घरं महागली, स्थानिक पोरांना काम नाही, आकडा ठरवा." हेच आम्ही मुंबईत १९६६ पासून म्हणतोय. तेव्हा आम्ही संकुचित, प्रांतीयवादी, गुंड. कॅनडात गोऱ्याने म्हटलं की ते 'धोरण', आणि मिसिसागात मराठी माणसाने म्हटलं की 'संतुलित मत'. वा!

पेठेतला_पेशवा
@गिरणगाव, टाळ्या. पण एक फरक राहतोच. कॅनडा परक्या देशाच्या नागरिकाला व्हिसा नाकारतो. बिहारचा माणूस मुंबईत व्हिसावर येत नाही. घटनेचं कलम १९ त्याला कुठेही जायचा, राहायचा हक्क देतं. हरियाणाने खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांना ७५ टक्के आरक्षण दिलं, तो कायदा हायकोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. आपण फार तर १५ वर्षांचं अधिवास प्रमाणपत्र मागू शकतो, तेही ठरावीक ठिकाणी.

गिरणगाव
कायदा मला माहीत आहे. मी भावनेबद्दल बोलतोय. भावना तीच आहे ना?

कोकणी_मेवा
भावनेचंच बोलायचं तर माझे आजोबा राजापूरहून बोटीने आले आणि लालबागच्या खोलीत वीस जणांत राहिले, पाळीपाळीने झोपायचे. तेव्हा मुंबईच्या जुन्या रहिवाशांना हे गावठी चाकरमानी नकोच होते. गिरणगाव हे आयडी घेऊन बाहेरच्यांविरुद्ध लिहिणं जरा गंमतीचं आहे, राग मानू नका.

द्राक्षबाग
आमच्याकडे निफाडला छाटणीच्या दिवसांत मजूर मिळाले नाहीत तर बागा जातील. बाहेरचे येतात म्हणून चाललंय. गावातली पोरं पारावर मोबाईल बघतात आणि संध्याकाळी "परप्रांतीय हटाव"चं स्टेटस ठेवतात. त्यातल्या दोघांनी कॅनडाच्या व्हिसासाठी फाइल लावलीय.

खवचट_पंत
@द्राक्षबाग, प्रतिसाद फ्रेम करून लावावा असा.

गिरणगाव
@द्राक्षबाग, मजूर हवा पण मजुराला हक्क नको, हे तुमच्या बागेचं धोरण आणि कॅनडाचं धोरण एकच निघालं की.

(हा प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे.)

(हा प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे.)

संपादक मंडळ
मुंबई-परप्रांतीय या विषयावर आधीच चार धागे आहेत, तिथे लिहावे. पक्ष आणि नेत्यांबद्दलची व्यक्तिगत शेरेबाजी उडवली आहे. हा धागा कॅनडाच्या धोरणापुरता ठेवावा.

जर्सीचा_जावई
तुम्ही कॅनडावाले पाच वर्षांत पासपोर्ट घेऊन रडताय. इकडे रोजगारावर आधारित ग्रीन कार्डं सगळ्या जगाला मिळून वर्षाला १,४०,०००, त्यात एका देशाला सात टक्के. भारतीयांची रांग माझ्या मुलांच्या लग्नापर्यंत संपणार नाही. त्यात सप्टेंबर २०२५ पासून बाहेरून आणायच्या नव्या एच-१बी ला एक लाख डॉलर. आमची कंपनी मला बदली देऊन टोरांटोला पाठवायला निघाली होती. आता हा धागा वाचून बायको म्हणते पुणंच बरं.

इतिहासाचा_पेपर
जरा मागे जाऊन. "कायद्याने आलात तर स्वागत" हे वाक्य कॅनडात नवीन नाही. १९०८ मध्ये नियम केला की जन्मदेशातून सलग प्रवास करूनच उतरायचं. भारतातून थेट बोट नव्हतीच, त्यामुळे नियमात हिंदुस्थान हा शब्द न घालता हिंदुस्थानी माणूस बंद. १९१४ मध्ये कोमागाता मारू ही हिंदुस्थानी प्रवाशांची बोट व्हँकुव्हरला आली, ३७६ प्रवासी. दोन महिने बंदरात अडकवून बहुतेकांना परत पाठवलं. ट्रुडोंनी संसदेत माफी मागितली ती २०१६ मध्ये. १९६७ ची गुणपद्धती आली तेव्हा कुठे माणसाचा देश सोडून त्याचं शिक्षण बघायला सुरुवात झाली. आजची कपात त्या दर्जाची आहे असं मी म्हणत नाही, गुणपद्धती अजून जागेवर आहे. पण नियम मध्येच बदलून माणूस गाळणं ही तिथली जुनी सवय आहे.

मिसिसागाकर
@इतिहासाचा_पेपर, त्याला फार मागे जायला नको. २०१२ मध्ये हार्पर सरकारने २७ फेब्रुवारी २००८ च्या आधीचे रखडलेले स्किल्ड वर्करचे अर्ज एका कायद्याने रद्द केले आणि फी परत पाठवली. लाखो लोक, कित्येक वर्षं रांगेत उभे. माझा मावसभाऊ त्यात होता. त्याने दोन नोकऱ्या सोडल्या होत्या त्या कॅनडाच्या आशेवर. आज ठाण्यात मजेत आहे, पण विषय काढला की उठून जातो. म्हणून मला हे माहीत नाही असं समजू नका. नवीन काही तरी घडतंय असं मला वाटत नाही इतकंच.

तिखटमीठ
म्हणजे भावाचं असं झालं तरी सरकारच्याच बाजूने?

मिसिसागाकर
हो. कारण रांग अमर्याद वाढू दिली म्हणून ती एक दिवस तोडावी लागली. आधीच मोजून घेतली असती तर तोडावी लागली नसती.

बेसमेंटवाली_वहिनी
एक विचारू का? सगळे विद्यार्थी आणि कामगारांवर बोलताहेत. आई-वडिलांचं काय? आम्ही २०२० मध्ये पालकांना आणायचा फॉर्म भरला, २०२५ मध्येही त्याच वर्षीच्या यादीतून चिठ्ठ्या काढल्या, नवीन फॉर्म घेतलेच नाहीत. सासूबाई सुपर व्हिसावर येतात, एका वेळी पाच वर्षं राहता येतं, पण खाजगी विमा काढावा लागतो आणि सत्तरीनंतर त्याचा हप्ता ऐकूनच बीपी वाढतं. हे आकडे कोणाच्या भाषणात येत नाहीत.

हॅलिफॅक्सची_मनीषा
वहिनी, कारण म्हातारी माणसं टॅक्स भरत नाहीत. नातवंडं सांभाळतात त्याचा हिशोब कुठल्याच खात्यात लागत नाही.

नंदू_नाशिकवाला
दोन दिवस शिफ्ट होती, आता सगळं वाचलं. मूळ प्रश्नावर येतो.

आकडा सरकारने ठरवावा, त्याबद्दल माझं भांडण नाही. लाख करा, शून्य करा. पण माणूस ज्या नियमांवर घर गहाण टाकून येतो ते नियम त्याला शेवटपर्यंत लागू ठेवा. नवीन नियम नवीन येणाऱ्याला. मी आलो तेव्हा तुमच्याच मंत्र्यांची भाषणं होती, शिका, काम करा, इथलेच व्हा. त्यावर माझ्या वडिलांनी सिडकोचा फ्लॅट तारण ठेवला. आता म्हणता आलात त्याच दिवशी तुम्हाला माहीत होतं की तात्पुरते आहात. कागदावर होतं, खरं आहे. पण भाषणात नव्हतं.

मिसिसागाकर
@नंदू, हा मुद्दा मला पटतो तितकाच अव्यवहार्य वाटतो. दहा लाख लोकांना त्यांच्या त्यांच्या वर्षाचे नियम लावायचे म्हटलं तर कुठल्याच सरकारला पुढची दहा वर्षं काही बदलता येणार नाही. पीआर हे कधीच वचन नव्हतं, संधी होती. मात्र आत असलेल्यांना आधी घ्यावं, बाहेरून नवीन बोलावणं थांबवावं, हे मी पहिल्यापासून म्हणतोय.

आकडेबहाद्दर
थोडंसं तसंच चाललंय. याच आराखड्यात २०२६-२७ मध्ये वर्क परमिटवरच्या ३३ हजार लोकांना पीआर लवकर देण्याची एकदाचीच योजना आहे. तपशील आले की @नंदू लक्ष ठेवा. आणि फ्रेंच. एनसीएलसी ७ (फ्रेंचची पातळी) चारही भागांत आणि इंग्रजी बरं असेल तर ५० गुण वरून मिळतात, शिवाय फ्रेंचचे वेगळे ड्रॉ असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यातला एक ३३६ ला गेला होता.

नंदू_नाशिकवाला
वर्ग लावलाय. रोज रात्री अकरा ते साडेबारा ऑनलाइन. टीईएफ ही फ्रेंचची परीक्षा एप्रिलमध्ये देतोय. ऐकणं सोडून सगळं जमतंय.

पेठेतला_पेशवा
पुण्यात अकरावीला स्कोअरिंग म्हणून फ्रेंच घेतलेल्या आख्ख्या पिढीने आता पश्चात्ताप करावा की ते नीट का शिकलो नाही.

खवचट_पंत
शंभरात ९६ पडले होते मला. आज 'बोंजूर'च्या पुढे गाडी सरकत नाही.

सदाशिवपेठी_काकू
मी इतके दिवस फक्त वाचत होते. तुमचं राजकारण मला कळत नाही, पण धाकट्याचा येत्या सप्टेंबरचा विचार चालू आहे. इथला एजंट म्हणतो कॉलेजचा दोन वर्षांचा डिप्लोमा घ्या, सगळं सारखंच असतं. घ्यावा का?

आकडेबहाद्दर
काकू, सारखं अजिबात नाही. १ जानेवारी २०२६ पासून सरकारी विद्यापीठातली मास्टर्स आणि पीएचडी त्या कॅपमधून वगळलीत, प्रांताचं पत्रही लागत नाही. मास्टर्सनंतर तीन वर्षांचं वर्क परमिट मिळू शकतं. कॉलेज डिप्लोमाला मात्र विषय सरकारच्या यादीत असावा लागतो, नाहीतर शिकून झाल्यावर परमिटच नाही. फी सोडून राहण्याच्या खर्चासाठी २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात, २०२३ पर्यंत हेच १०,००० होते. संस्था सरकारी यादीत आहे का आणि तिथे परमिट मिळतं का, हे इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर नावासमोरच्या रकान्यात लिहिलेलं असतं. स्वतः बघा, एजंटकडून ऐकू नका.

नंदू_नाशिकवाला
काकू, फ्लॅट तारण ठेवणार असाल तर आधी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सदाशिवपेठी_काकू
केला व्यनि. एजंटला पब्लिक की प्रायव्हेट असं विचारलं, तर म्हणाला, "काकू, तिकडे सगळं पब्लिकसाठीच असतं."

खारी_बटर
चहा झाला. कुठपर्यंत आलं भांडण?